प्लेटलेटचा आकडा आणि लोहाचा साठा

लोहाच्या कमतरतेविषयी या सदरात लिहिल्यानंतर जी पत्रे आली, त्यांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. हिमोग्लोबिन कमी आहे याची कुणाला फारशी भीती वाटत नाही. ‘बायकांचं कमीच असतं’ म्हणून ते सोडून दिले जाते. त्याच कागदावर प्लेटलेटच्या आकड्यापुढे बाण छापलेला दिसला, की मात्र घरादाराची झोप उडते. बहुतेक वेळा या दोन ओळी एकाच दुखण्याच्या असतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) भारतातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. असे रिपोर्ट म्हणजे घरोघरची गोष्ट आहे. म्हणून या वेळी लोह आणि प्लेटलेट (रक्तवाहिनीला इजा झाली की तिथे एकमेकींना चिकटून रक्तस्राव थांबवणाऱ्या सूक्ष्म पेशी, बिंबिका) यांच्याविषयीची पत्रे एकत्र घेतली आहेत.

शंका : डॉक्टर, माझे वय ३६. जिना चढताना धाप लागते म्हणून रक्त तपासले. हिमोग्लोबिन ७.९ आणि प्लेटलेट ६ लाख ४० हजार आल्या. भाच्याने मोबाइलवर शोधून सांगितले की इतक्या प्लेटलेट रक्ताच्या कॅन्सरमध्ये असतात. तेव्हापासून घास उतरत नाही. मुले लहान आहेत. घरात कुणाला बोलले नाही, पण रात्री तोच आकडा डोळ्यांसमोर येतो. मला कॅन्सर झाला असेल का?
— एक भगिनी, निफाड

समाधान : तुम्ही कळवलेले दोन आकडे एकत्र दिसण्याचे सर्वांत नेहमीचे कारण कॅन्सर नव्हे, लोहाची कमतरता आहे. प्लेटलेट साधारणपणे एका मायक्रोलिटर रक्तात दीड ते साडेचार लाख असतात. शरीरातले लोह संपत आले की त्या पाच-सहा लाखांवर जातात, कधी सातांपर्यंतही. अस्थिमज्जेत (हाडांच्या पोकळीतील रक्त तयार होण्याच्या जागेत) लाल पेशी आणि प्लेटलेट या दोहोंची पूर्वज पेशी एकच असते. लाल पेशी घडवायची तर हिमोग्लोबिनसाठी लोह हवेच. ते मिळेनासे झाले, की या पूर्वज पेशींपैकी जास्त पेशी प्लेटलेटच्या वाटेला लागतात. उंदरांवरच्या प्रयोगांत हे स्पष्ट दिसले आहे. म्हणजे तुमची मज्जा बिघडलेली नाही. हाताशी जे आहे त्यातून ती काम करते आहे.

अशा रुग्णाच्या रक्ताचा एक थेंब काचेवर पसरून, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की चित्र ओळखीचे असते. लाल पेशी लहान, मधोमध फिकट, कडेला जेमतेम गुलाबी रेघ, मधूनच लांबुडक्या, आणि अवतीभवती प्लेटलेटचे जांभळट ठिपके नेहमीपेक्षा दाट. पांढऱ्या पेशी मात्र संख्येने आणि रूपाने जशा हव्यात तशाच. हे चित्र पाहणाऱ्या डॉक्टरच्या मनात कॅन्सर पहिला येत नाही.

तुम्ही या आठवड्यातच फिजिशियनना भेटा. घाई प्लेटलेटसाठी नाही, ७.९ हिमोग्लोबिन आणि धाप यांसाठी आहे. फेरिटिन (लोहाच्या साठ्याचा अंदाज देणारे प्रथिन) तपासून घ्या. ते ३० पेक्षा कमी आले तर साठा संपल्याचे आम्ही धरतो. अंगात ताप किंवा कुठे सूज असेल तर फेरिटिन खोटे वाढते, तेव्हा ते डॉक्टरांना सांगा. लोह भरून निघाल्यावरही प्लेटलेट साडेचार लाखांच्या वर राहिल्या, पहिल्यापासूनच दहा लाखांपुढे असल्या, प्लीहा वाढलेली लागली किंवा पांढऱ्या पेशींतही गडबड दिसली, तर रक्तविकारतज्ज्ञांकडे जायलाच हवे. मज्जेच्या काही आजारांत सापडणारा जॅक-२ या जनुकातील बदल ते तपासतात. आणि एक विनंती : भाचा आणि तुम्ही दोघांनीच ही काळजी वाहू नका, घरात सांगा. डॉक्टरांकडे जाताना कुणी तरी सोबत असू द्या.

शंका : लोह कमी असल्याने माझ्या प्लेटलेट वाढल्या, असे आमच्या डॉक्टरांचे म्हणणे. मग रक्त पटकन थांबायला हवे ना? उलट मांडीवर, दंडावर काळे-निळे डाग उठतात आणि पाळीत अंगावरून पूर्वीपेक्षा जास्त जाते. प्लेटलेट नुसत्या नावाला आहेत आणि काम करत नाहीत, असे काही असते का?
— एक शिक्षिका, परभणी

समाधान : असते, आणि तुम्ही नेमक्या जागी बोट ठेवले आहे. रिपोर्टमध्ये छापलेला आकडा प्लेटलेट किती आहेत एवढेच सांगतो. त्या कामाला येतात की नाही, हे त्यात नसते.

जखम झाली की प्लेटलेट रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटायला हव्यात, म्हणजे आधी भिंतीजवळ असायला हव्यात. तिथे त्यांना नेण्याचे काम लाल पेशी करतात. रस्त्याच्या मधून दिंडी दाटीने चालली, की कडेचा माणूस आपोआप दुकानांच्या ओट्याला लागतो. वाहत्या रक्तात लाल पेशी मधून धावतात आणि प्लेटलेटना तसेच भिंतीकडे सारतात. रक्तक्षयात ही दाटी विरळ होते, प्लेटलेट आत पांगतात आणि जखमेपाशी उशिरा पोचतात. शिवाय लाल पेशींतून सुटणारे एक रसायन प्लेटलेटना जागे करते, तेही कमी पडते. मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णांत हे फार स्पष्टपणे दिसून आले. त्यांचे लाल पेशींचे प्रमाण वाढवल्यावर, प्लेटलेटचा आकडा तोच असूनही, रक्तस्राव लवकर थांबू लागला.

लोह कमी पडल्याने खुद्द प्लेटलेटच्या आत काय होते, यावर अभ्यासांचा कौल एकसारखा नाही. काहींत त्या एकमेकींना चिकटायला मंद झालेल्या आढळल्या, काहींत उलट जास्त चिकट. त्यामुळे ‘लोह कमी म्हणजे रक्त पातळ’ किंवा ‘लोह कमी म्हणजे रक्त घट्ट’ असे एका वाक्यात कुणी सांगितले, तर ते पूर्ण खरे मानू नका. तुमच्यापुरते महत्त्वाचे हे, की पाळीत जास्त गेल्याने लोह कमी होते, आणि रक्तक्षय वाढला की रक्त थांबायला उशीर होतो. हे चक्र दोन्हीकडून तोडावे लागते. लोहाची गोळी डॉक्टर देतीलच. जोडीने स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटून गर्भाशयात गाठी आहेत का, थायरॉइड ठीक आहे का, हे पाहा. अंगदुखीसाठी दुकानातून आणलेल्या गोळ्या घेत असाल तर त्यांची नावेही सांगा. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन या साऱ्या प्लेटलेटचे काम मंदावतात, आणि डाग उठण्याचे कारण कधी कधी तेवढेच निघते.

शंका : माझ्या मुलीला चौदावे चालू आहे. पहिल्या पाळीपासून नऊ-दहा दिवस जाते, रात्री अंथरूण भिजते. लहानपणी तिचा घोळणा फार फुटायचा. हिमोग्लोबिन दोनदा सहापर्यंत उतरले, लोहाच्या गोळ्यांनी वर आले आणि पुन्हा उतरले. प्लेटलेट अडीच लाख, म्हणजे नॉर्मल आहेत. सगळे म्हणतात, वयात येताना असे होतेच. सांगायला लाज वाटते, पण ती चोरून पाटीवरची पेन्सिल खाते. मी तिला मारलेही. माझे काय चुकते आहे?
— एक आई, बार्शी तालुका

समाधान : तुमचे काहीही चुकलेले नाही. पेन्सिल, खडू, माती, कच्चे तांदूळ खावेसे वाटणे हे लोहाच्या कमतरतेचे लक्षण आहे. ती खोड नाही. मुलगी ते मुद्दाम करत नाही आणि लोह भरले की ही ओढ बहुधा आपोआप जाते. तिला जवळ घेऊन हे सांगा. तिलाही स्वतःची लाज वाटत असणार.

आता मुख्य गोष्ट. वयात येताना पाळी काही काळ अनियमित असते, हे खरे. पण पहिल्या पाळीपासूनच इतका रक्तस्राव, लहानपणी घोळणा फुटण्याचा इतिहास आणि पुन्हा पुन्हा उतरणारे हिमोग्लोबिन, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की रक्त थांबवण्याच्या यंत्रणेची तपासणी झालीच पाहिजे. सगळ्यात आधी मनात येतो तो फॉन विलेब्रांड आजार (प्लेटलेटना भिंतीशी जोडणाऱ्या प्रथिनाची जन्मजात उणीव). फिनलंडच्या एरिक फॉन विलेब्रांड या डॉक्टरांनी १९२६ मध्ये ऑलंड बेटांवरच्या एका कुटुंबात तो नोंदवला. त्या घरातली एक मुलगी पुढे कोवळ्या वयातच पाळीच्या रक्तस्रावाने दगावली. आज या आजारावर औषधे आहेत आणि तशी वेळ येऊ द्यायचे कारण उरलेले नाही. दुसरी शक्यता प्लेटलेटच्या कामातील जन्मजात दोषाची. ग्लान्झमन या स्विस बालरोगतज्ज्ञांनी १९१८ मध्ये वर्णन केलेल्या आजारात प्लेटलेट संख्येने अगदी नॉर्मल असतात, पण एकमेकींना चिकटतच नाहीत. तुमच्या हातातला अडीच लाखांचा आकडा म्हणूनच निर्धास्त करणारा नाही. मामे-आते नात्यात लग्न झालेल्या घरांत हा दुर्मीळ आजार तुलनेने जास्त दिसतो. तसे नाते असेल तर डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. त्यात दोषाचा प्रश्न नाही, निदान लवकर होते.

मुलीला रक्तविकारतज्ज्ञांकडे न्या. प्लेटलेटच्या कामाच्या चाचण्या तालुक्याच्या लॅबमध्ये होत नाहीत, कारण त्या ताज्या रक्तावर काही तासांतच कराव्या लागतात. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची रक्तविकारांवर काम करणारी राष्ट्रीय संस्था आहे, तिथे अशा तपासण्या होतात. जाण्याआधी आठ-दहा दिवस वेदनाशामक गोळी देऊ नका, म्हणजे निकाल चुकणार नाही. फॉन विलेब्रांडची पातळी ताणाने, तापाने तात्पुरती वाढते, म्हणून एक चाचणी नॉर्मल आली तरी ती पुन्हा करायला सांगितले जाईल. निदान होईपर्यंत दात काढणे किंवा कुठलीही लहान शस्त्रक्रिया टाळा. आणि तासाला एक पॅड भिजू लागला, चक्कर आली, ओठ पांढरे पडले, तर रात्र असली तरी रुग्णालय गाठा.

शंका : यजमानांना डेंग्यू झाला आहे. प्लेटलेट ४८ हजार. शेजारणीने आयर्नच्या गोळ्या आणून दिल्या, कुणी पपईच्या पानांचा रस द्या म्हणतात. लोहाने प्लेटलेट वाढतात ना?
— एक वाचक, पनवेल

समाधान : डेंग्यूत प्लेटलेट उतरतात त्या विषाणूमुळे आणि शरीराकडून त्याला मिळणाऱ्या प्रतिसादामुळे. लोहाच्या कमतरतेशी त्याचा संबंध नाही. त्या गोळ्या देऊ नका. त्यांनी शौचाचा रंग काळा होतो आणि आतून रक्तस्राव झाला आहे की गोळीचा रंग आहे, हे डॉक्टरांना कळेनासे होते. पपईच्या रसावर विसंबून देखरेखीत ढिलाई होऊ नये, एवढेच माझे म्हणणे. डेंग्यूत खरा धोका ताप उतरतो त्या दिवसांत असतो. पोटात सतत दुखणे, उलट्या न थांबणे, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, लघवी कमी होणे, अस्वस्थपणा किंवा गुंगी, यातले काहीही दिसले तर लगेच दाखल करा. तापासाठी पॅरासिटामॉलखेरीज काही नको. रक्तस्राव नसेल तर केवळ ४८ हजार हा आकडा पाहून प्लेटलेटच्या पिशव्या चढवण्याची गरज नसते.

शंका : वय ६३. दीड वर्षापूर्वी अँजिओप्लास्टी झाली. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल चालू आहे. आता हिमोग्लोबिन ९.२, फेरिटिन ८ आणि प्लेटलेट ४ लाख ९० हजार आल्या. मूळव्याधीतून अधूनमधून रक्त जाते, त्याचेच हे असावे. प्लेटलेट वाढल्यामुळे स्टेंट बंद पडेल, अशी एक भीती. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांमुळे रक्त जाते आहे, ही दुसरी. गोळ्या बंद करू का?
— निवृत्त कर्मचारी, मिरज

समाधान : स्वतःहून बंद करू नका. या पत्रात माझे सर्वांत ठाम वाक्य हेच. ॲस्पिरिन प्लेटलेटची संख्या बदलत नाही, त्यांचे चिकटणे थांबवते. एकदा परिणाम झालेली प्लेटलेट तिच्या सात ते दहा दिवसांच्या आयुष्यात पुन्हा पूर्ववत होत नाही. तुमच्या ४ लाख ९० हजारांपैकी बहुतेकींवर हा परिणाम झालेला आहे, त्यामुळे केवळ त्या आकड्याने स्टेंटला धोका आहे असे समजू नका. गोळ्या अचानक थांबवल्या तर मात्र धोका खरोखर आहे. दोनपैकी एक कमी करता येईल का, हे तुमचे हृदयरोगतज्ज्ञच ठरवतील. दीड वर्ष झाले आहे, तेव्हा हा प्रश्न त्यांना याच आठवड्यात विचारण्यासारखा आहे.

आता मूळव्याधीविषयी. साठीनंतरच्या पुरुषाचे फेरिटिन ८ असेल, तर रक्त कुठून तरी जाते आहे असे धरून शोध घ्यावाच लागतो. ‘मूळव्याधीचेच असेल’ म्हणून तो थांबवणे बरोबर नाही. जठरातला व्रण या गोळ्यांनी चिघळलेला असू शकतो. मोठ्या आतड्यात गाठ असू शकते, आणि ती लवकर सापडली तर पूर्ण बरी होऊ शकते. पोटविकारतज्ज्ञांकडून वरून आणि खालून, दोन्ही बाजूंनी दुर्बिणीची तपासणी करून घ्या. एक फरक लक्षात ठेवा : लोहाच्या गोळीने शौच काळपट-हिरवट आणि घट्ट होते. रक्त गेल्याने होते ते डांबरासारखे काळे, चिकट आणि उग्र वासाचे. तसे दिसले किंवा घाम येऊन गरगरले, तर थेट आपत्कालीन विभागात जा.

शंका : एका लॅबने प्लेटलेट ६२ हजार दिल्या, दुसरीने त्याच दिवशी १ लाख ९० हजार. मला काहीच त्रास नाही. नेमके खरे काय?
— एक तरुण वाचक, चिंचवड

समाधान : दोन्ही लॅबनी काम नीट केलेले असू शकते. जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून जे रसायन असते, त्यामुळे काही माणसांच्या प्लेटलेट नळीतच एकमेकींना चिकटून झुबके करतात. यंत्र झुबक्याला प्लेटलेट म्हणून मोजत नाही आणि आकडा खोटा कमी येतो. निळ्या झाकणाच्या, सायट्रेट असलेल्या नळीत रक्त घेऊन पुन्हा मोजले आणि काचेवर पॅथॉलॉजिस्टनी डोळ्यांनी पाहिले, की उलगडा होतो. उलटही घडते. लोहाच्या तीव्र कमतरतेत लाल पेशी व त्यांचे तुकडे इतके बारीक होतात की यंत्र त्यांनाच प्लेटलेट समजते आणि आकडा फुगतो. म्हणूनच प्लेटलेटचा कुठलाही अनपेक्षित आकडा आला, की ‘काच पाहिली का?’ हा प्रश्न लॅबला जरूर विचारा. तो विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

शंका : घरी गौरी-गणपती असतात. दरवर्षी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेते. यंदा हिमोग्लोबिन ८.४ आणि प्लेटलेट साडेपाच लाख आहेत. जाऊबाई म्हणतात, रक्त घट्ट झाले आहे, गोळ्या घेतल्यास मेंदूत गुठळी होईल. मी फार घाबरले आहे. सासूबाईंना कसे सांगू?
— एक गृहिणी, चिपळूण

समाधान : जाऊबाईंच्या बोलण्यात भीती जास्त असली तरी काळजी अस्थानी नाही. लोहाच्या कमतरतेने वाढलेल्या प्लेटलेट सहसा गुठळी करत नाहीत, आणि त्यासाठी ॲस्पिरिन सुरू करण्याचेही कारण नाही. पण मेंदूतून रक्त परत आणणाऱ्या शिरांमध्ये गुठळी होण्याचा जो विरळा आजार आहे, त्याच्या रुग्णांत रक्तक्षय अपेक्षेपेक्षा जास्त आढळतो, आणि संप्रेरकाच्या गोळ्या हे त्या आजाराचे माहीत असलेले एक कारण आहे. या दोन गोष्टी एकत्र आणू नयेत, असे मी सांगेन. उपासतापासात पाणी कमी पडते, धावपळ वाढते. त्यानेही भर पडते. यंदा गोळ्या नकोत. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे सासूबाईंनाच सोबत घेऊन जा. तुम्हाला सांगायला जड जाते ते डॉक्टर सोप्या शब्दांत सांगतील. गोळ्या आधीच सुरू केल्या असतील आणि न थांबणारी डोकेदुखी, उलट्या, धूसर दिसणे, झटका किंवा हातापायातली शक्ती जाणे यातले काही झाले, तर वेळ न दवडता मोठे रुग्णालय गाठा.

शंका : सून सात महिन्यांची गरोदर आहे. हिमोग्लोबिन ९.६, प्लेटलेट १ लाख १८ हजार. सरकारी दवाखान्यातून मिळालेल्या लोहाच्या गोळ्या उष्ण पडून प्लेटलेट उतरल्या, असे वाटते. थांबवाव्या का?
— एक सासू, वाई

समाधान : गोळ्या चालू ठेवा. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत अनेक निरोगी स्त्रियांच्या प्लेटलेट थोड्या उतरतात. त्या बहुधा लाखाच्या वर राहतात आणि बाळंतपणानंतर पूर्ववत होतात. याचा दोष लोहाकडे जात नाही. दवाखान्यातून मिळते ती गोळी ६० मिलिग्रॅम लोह आणि फॉलिक ॲसिडची. ती चौथ्या महिन्यापासून रोज, १८० दिवस आणि पुढे बाळंतपणानंतरही तितकेच दिवस घ्यायची असते. प्लेटलेट मात्र दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा मोजा. त्या लाखाखाली गेल्या, रक्तदाब वाढला, डोके ठणकू लागले, डोळ्यांपुढे चमकले किंवा पोटाच्या वरच्या भागात उजवीकडे दुखू लागले, तर त्याच दिवशी प्रसूतितज्ज्ञांकडे न्या. तो वेगळा आणि गंभीर प्रकार असतो.

शंका : मला थॅलेसीमिया मायनर आहे हे लग्नाच्या वेळी कळले. त्याआधी हिमोग्लोबिन १०.५ म्हणून कित्येक वर्षे लोहाच्या गोळ्या घेतल्या. आता वाचले की जास्त लोहाने यकृत आणि प्लेटलेट खराब होतात. माझे नुकसान झाले असेल का?
— एक वाचक, उल्हासनगर

समाधान : फेरिटिन आणि यकृताची साधी तपासणी केली की उत्तर मिळेल. थॅलेसीमिया मायनर (हिमोग्लोबिन घडवण्यातील आनुवंशिक दोषाचा सौम्य प्रकार) असलेल्या बहुतेक व्यक्तींत ते ठीकच निघते. लोहाने प्लेटलेट उतरतात त्या थेट नव्हे. लोह वर्षानुवर्षे यकृतात साचून ते निबर झाले, की प्लीहा वाढते आणि प्लेटलेट तिच्यात अडकून राहतात. वारंवार रक्त घ्यावे लागणाऱ्या थॅलेसीमिया मेजरच्या रुग्णांसाठी ही खरी काळजी आहे. तुमच्यासाठी नियम असा : फेरिटिन कमी असल्याचे दिसल्याशिवाय लोह घ्यायचे नाही, आणि कमी असेल तर मायनर असूनही जरूर घ्यायचे. जोडीदाराची तपासणी राहिली असेल, तर मूल होऊ देण्याआधी ती करून घ्या.

शंका : लोह सुरू करून महिना झाला. हिमोग्लोबिन ८.२ वरून १०, पण प्लेटलेट ५ लाख ८० हजारांवरून २ लाख ७० हजारांवर कोसळल्या. औषध सोसत नाही का? गोळीने मळमळते आणि पोट साफ होत नाही. त्याऐवजी बीट आणि गूळ खाल्ला तर चालेल का?
— एक विद्यार्थिनी, अमरावती

समाधान : ही कोसळण नाही, उत्तम खूण आहे. लोह पोचले, मज्जा पुन्हा लाल पेशींकडे वळली आणि प्लेटलेट आपल्या नेहमीच्या पातळीवर आल्या. महिन्यात हिमोग्लोबिन जवळजवळ दोनने वाढले, यापेक्षा चांगला प्रतिसाद मागता येत नाही. प्लेटलेट दीड लाखाच्या खाली गेल्या तरच पुन्हा तपासून डॉक्टरांना दाखवा.

मळमळीसाठी गोळी एक दिवसाआड घेता येईल का, हे त्यांना विचारा. लोहाची गोळी घेतली की यकृतातून हेप्सिडिन (आतड्यातून लोहाचे शोषण रोखणारे संप्रेरक) वाढते आणि ते सुमारे २४ तास चढे राहते, त्यामुळे लगेच दुसऱ्या दिवशी घेतलेली गोळी कमी शोषली जाते. झुरिकच्या संशोधकांनी २०१७ मध्ये तरुण स्त्रियांवर केलेल्या अभ्यासात एक दिवसाआड घेतलेले लोह जास्त शोषले गेले. गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्या. चहा, दूध आणि कॅल्शियमची गोळी तिच्यापासून दोन तास दूर ठेवा. बीट लाल असले तरी त्यात लोह थोडेच, आणि गुळाने तुमच्याएवढी तूट भरत नाही. त्यापेक्षा मोड आलेली मटकी, अळीव, वर लिंबू पिळलेल्या पालेभाज्या, चालत असेल तर मटणाची कलेजी हे बरे. लोखंडी कढईत केलेली आमसुलाची आमटीही चांगली. हे सारे गोळीच्या जोडीने, तिच्या जागी नव्हे. हिमोग्लोबिन बारावर गेले तरी साठा भरण्यासाठी आणखी तीन महिने गोळ्या चालू ठेवाव्या लागतील, आणि तेवढ्या काळात लोह मुळात गेले कुठे याचा शोध डॉक्टरांबरोबर पुरा करा. घरात लहान भावंडे असतील तर गोळ्यांचे पाकीट कुलपात ठेवा. मूठभर गोळ्या लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतात. चुकून खाल्ल्याची नुसती शंका आली, तरी लक्षणांची वाट न पाहता रुग्णालयात न्या आणि रिकामे पाकीट सोबत घ्या.